घाटाला नाव कुणाचं?

रात्रपाळी संपवून सकाळी गिरणीच्या गेटाबाहेर पडलो तर दोस्त मोटारसायकल घेऊन उभा. म्हणाला, आज तुझी सुट्टी, चल, कन्नडचा घाट दाखवतो. पावसाळा लागलाय, ढग खाली उतरलेत, धबधबे सुटलेत. लोक कुठून कुठून येतात बघायला, अन् आपण इथं साठ-सत्तर किलोमीटरवर राहून कापसाचा फुफाटा गिळत बसलोय.

गेलो. आंघोळ नाही, झोप नाही, केसात कापूस तसाच. छावणी, पडेगाव, मिटमिटा, दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ, कन्नड अन् मग घाट. रस्ता खरंच देखणा आहे, खोटं कशाला बोलू? सातमाळ्याचा डोंगर हिरवागार, खाली खानदेशचं रान पसरलेलं, मध्ये धुकं. दोस्तानं मोबाइल काढला, व्हिडिओ केला अन् खाली लिहिलं – स्वर्ग. मी कठड्याला टेकून उभा राहिलो. समोर पाटी होती. औट्रम घाट.

मी त्याला विचारलं, हा औट्रम कोण रे? तो म्हणाला, असेल कुणी साहेब. घाट बांधणारा.

बांधणारा! मित्रहो, इथंच माझं डोकं फिरलं. साहेबानं पहार हातात धरली होती का? सुरुंगाचं भोक त्यानं पाडलं का? खडीच्या पाट्या त्याच्या मेमसाहेबाच्या डोक्यावर होत्या का? ते फिरलेलं डोकं घेऊन मी पुढले तीन महिने वाचनालयात बसलो. इंग्रजी मला अडखळत येतं, शाळा नववीत सुटली. एकेक वाक्याला दहा मिनिटं लागली. पण जे हाती आलं ते तुमच्यापुढं ठेवतो. पंडितांनी चुका काढाव्यात, हरकत नाही.

जेम्स औट्रम हा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी. जन्म १८०३ चा. १८१९ साली, म्हणजे सोळाव्या वर्षी हिंदुस्थानात आला. आदल्याच वर्षी, १८१८ ला, पेशवाई बुडाली होती अन् खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला होता. ताब्यात गेला हे कागदावर. डोंगर भिल्लांचा होता. सातपुडा, सातमाळा, सगळे घाट, सगळ्या खिंडी त्यांच्या. पेशवाईच्या शेवटल्या काळात भिल्लांची काय दशा केली होती ते त्याच सरकारी गॅझेटियरात आहे. कोपरगावची कत्तल त्यात आहे. ते वाचताना मला पेशवाईतलं गळ्यातलं मडकं आणि कमरेचा झाडू आठवला. आपल्याला गावाबाहेर ठेवलं, त्यांना डोंगरात हाकललं अन् डोंगरातही जगू दिलं नाही. दोघांचा मालक एकच.

इंग्रजानं आधी गोळ्या घालून पाहिल्या. डोंगर वश होईना. मग माउंटस्टुअर्ट एलफिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असताना, १८२५ साली, डाव बदलला. खानदेशात तीन भिल्ल एजन्सी काढल्या. त्यातली दक्षिणेकडची कन्नडला. म्हणजे आपण जिथं चहा प्यायला थांबतो त्या कन्नडला. तिथं ओव्हन्स नावाचा अधिकारी बसला. भिल्लांना जमिनी द्यायच्या, बैल द्यायचे, वसवायचं, हे त्याचं काम. आणि धरणगावला औट्रम. त्याचं काम भिल्लांची पलटण उभी करायची. खानदेश भिल्ल कोअर ती हीच.

त्यानं ती कशी उभी केली ते बघा. आधी भिल्लांवर छापे घातले, धरपकड केली. मग त्याच पकडलेल्यांतून पहिले शिपाई निवडले. त्यांच्याबरोबर शिकार खेळला, त्यांच्यात राहिला, वाघ मारले. बायाबापड्यांनी त्याच्या धाडसाच्या गोष्टी केल्या. नंतर त्याच शिपायांना त्यांच्याच भाऊबंदांवर सोडलं. दहा वर्षं तो खानदेशात होता. नंतर फार मोठा झाला. १८५७ ला लखनौला लढला, सर झाला, १८६३ ला मेला तर लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत राजेरजवाड्यांच्या रांगेत पुरला.

आणि आपल्या डोंगराला त्याचं नाव चिकटलं ते चिकटलंच. १९४७ ला इंग्रज गेला. १९४८ ला निजाम गेला. १९६० ला महाराष्ट्र झाला. १९८६ साली महाराष्ट्र सरकारनं या जंगलाचं अभयारण्य केलं, दोनशे साठ चौरस किलोमीटरचं. त्याचं नाव काय ठेवलं? गौताळा औट्रमघाट अभयारण्य. स्वराज्याला एकोणचाळीस वर्षं झाल्यावर! कुणाचं घर जळलं नाही. कुणी म्हणालं नाही की आमची अस्मिता दुखावली. एकाही पुढाऱ्याच्या कपाळाला आठी पडली नाही.

आता त्याच सालांच्या शेजारी दुसरी सालं मांडा. २७ जुलै १९७८. विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी ठराव केला की मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचं. पुढं काय झालं ते तुमच्या-माझ्या आईबापांनी अंगावर सोसलं. वस्त्या जळाल्या. पोचीराम कांबळे मारले गेले. १९७९ ला लाँग मार्च निघाला. १९९३ च्या नोव्हेंबरात नांदेडात गौतम वाघमारेनं स्वतःला पेटवून घेतलं. आणि १४ जानेवारी १९९४ ला नाव लागलं, तेही अर्धं जुनं ठेवून. साडेपंधरा वर्षं. ज्या माणसानं १९५० साली या शहरात मिलिंद महाविद्यालय काढून मराठवाड्यातल्या पोरांसाठी उच्च शिक्षणाची दारं उघडली, त्याच्या नावाला साडेपंधरा वर्षं. आणि औट्रमला? एक दिवस नाही.

म्हणून म्हणतो, घाटाच्या पाटीकडे नुसतं बघून पुढं जाऊ नका.

हा रस्ता काही औट्रमपासून सुरू झाला नाही. दोन हजार वर्षांपूर्वी इथं खाली पैठण होतं, प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. वर भडोच होतं, समुद्राचं बंदर. मध्ये हा डोंगर. एका ग्रीक खलाशानं पहिल्या शतकात समुद्रावरच्या व्यापाराची वही लिहून ठेवलीय. तिला पेरिप्लस म्हणतात. त्यात तो सांगतो, पैठण भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तगर म्हणजे आपलं धाराशिवकडचं तेर. पैठणहून अकीक दगड जायचे, आणि तेरहून कापड. साधं कापड, मलमल, तऱ्हेतऱ्हेचं. सगळं बैलगाड्यांवर, वाट नसलेल्या मुलखातून.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटलं अन् थोडा वेळ नुसता बसलो. साच्यावर उभा राहून आठ तास मी तुटलेलं सूत जोडतो. माझ्या बोटांच्या चिमटीत जे काम आहे तेच तेरच्या कुणा कोष्ट्याच्या, कुणा बाईच्या बोटात होतं, आणि ते सूत रोमच्या बाजारात गेलं. गाडीखाली दगड लावणारा, चढावर बैलाची शेपटी पिळणारा, चाक रुतलं की खांदा देणारा, यांच्यातलं कोण त्या वहीत आहे? खलाशानं मालाची नावं लिहिली, माणसांची नाही. खलाशाला दोष देत नाही. व्यापाऱ्याची वही अशीच असते. आमच्या गिरणीचीही तशीच आहे. गाठी किती, सूत किती, तूट किती.

पण जुनं असं दुसरं एक पुस्तक आहे, त्यात मात्र माणसांची नावं आहेत. सुत्तनिपात. त्याच्या पारायणवग्गात गोष्ट आहे. गोदावरीकाठी बावरी नावाचा म्हातारा ब्राह्मण राहत होता. त्यानं ऐकलं की उत्तरेत बुद्ध झालाय. त्यानं आपले सोळा शिष्य पाठवले, जा, प्रश्न विचारून या. त्यांची वाट सुत्तात गाव घेऊन सांगितलीय. पैठण, मग माहिष्मती, मग उज्जैन, विदिशा, कोसंबी, साकेत, श्रावस्ती. पैठण ते माहिष्मती! नकाशा उघडा. मध्ये हा अजिंठ्या-सातमाळ्याचा डोंगर आडवा पडलाय, तो चढून उतरल्याशिवाय नर्मदा लागत नाही. म्हणजे बुद्धाला प्रश्न विचारायला निघालेले दक्षिणेतले पहिले लोक हा डोंगर ओलांडून गेले. त्यात पिंगिय नावाचा एक म्हातारा होता, दिसायला-ऐकायला कमी झालेला. तोही चालला.

आपण १९५६ नंतर नागपूरची वाट धरली. त्याच्या कितीतरी आधी आपल्याच मराठवाड्यातून ही वाट निघाली होती, हे मला शाळेत कुणी सांगितलं नाही. शाळेत घाट म्हणजे खंडाळा, अन् खंडाळा म्हणजे सहल.

आता बाबासाहेबांची वाट.

१९३४ साली बाबासाहेब चळवळीतल्या तीसेक सहकाऱ्यांना घेऊन वेरूळची बौद्ध लेणी बघायला निघाले. हा मुलूख निजामाचा. ओळख सांगितली तर कुणी उतरू देणार नाही, म्हणून जात न सांगता प्रवास. बस धुळीची, रस्ता धुळीचा. दौलताबादच्या किल्ल्याशी पोचले तेव्हा रमजानचे दिवस होते. दरवाजाबाहेर भरलेला हौद, भोवती फरसबंदी. थकलेल्या माणसांनी तोंडं धुतली, पाय धुतले. वेशीतल्या पहारेकऱ्याला आत जायची परवानगी विचारतायत तोच मागून एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा ओरडत आला – धेडांनी हौद बाटवला. बघता बघता गर्दी. शिव्या. मारामारीपर्यंत प्रसंग. बाबासाहेबांनी चिडून विचारलं, तुमचा धर्म हेच शिकवतो का? उद्या एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यालाही या हौदाचं पाणी घेऊ देणार नाही का? तेव्हा लोक गप्प झाले. शेवटी किल्ला बघायची परवानगी मिळाली. सोबत एक हत्यारबंद शिपाई दिला. कशाला? तर आत कुठं पाण्याला हात लावतील म्हणून.

हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९९० साली ते छापलं. त्यांनी त्यातून काढलेला निष्कर्षही सरळ आहे. जो हिंदूला अस्पृश्य, तो मुसलमानालाही अस्पृश्य. काही लोक हा प्रसंग अर्धाच सांगतात, आपल्या सोयीचा तेवढा. पण त्याच लिखाणात बडोद्याचा पारशी आहे, काठ्या घेऊन आलेला. चाळीसगावचा प्रसंगही आहे.

चाळीसगाव! घाट उतरला की जे गाव लागतं तेच. १९२९ सालची गोष्ट. बाबासाहेब सरकारी समितीच्या कामावर धुळे जिल्ह्यात गेले होते, चाळीसगावला उतरले. टांगेवाले महाराला टांग्यात बसवून हाकायला तयार नव्हते, त्यात कमीपणा. वस्तीतल्या लोकांना वाटलं, आपला माणूस पायी जाऊ नये. त्यांनी टांगा भाड्यानं घेतला अन् आपल्यातलाच एक हाकायला बसवला. त्याला टांगा हाकायचा सराव नव्हता. नदीच्या पुलावर चाक दगडांच्या फटीत अडकलं, टांगा उलटला, बाबासाहेब फरशीवर आदळले, पाय मोडला. घोडा-टांगा नदीत. सगळ्या हिंदुस्थानाचा कायदा ज्याच्या हातून पुढं लिहिला जायचा होता तो माणूस त्या दिवशी टांगेवाल्याच्या इज्जतीपायी मरता मरता वाचला.

दोस्तानं चाळीसगावच्या पुलाशी गाडी थांबवली, चहा घेऊ म्हणाला. मी पुलाकडे बघत बसलो. तो म्हणाला, इथं काय आहे बघण्यासारखं? मी त्याला हे सगळं सांगितलं तर त्याचा चहा गार झाला.

मधलं थोडक्यात सांगतो. दौलताबादहून खुलताबादला चढणारा घाटही जुना. तिथं बाहेरचा तट आहे, अंबरकोट. मलिक अंबर या नावाचा. हा अंबर हबसाणात जन्मला, पोरवयात गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात दख्खनेत आला अन् निजामशाहीचा वजीर झाला. मोगलांना त्यानं दख्खनेत दमवलं. १६१० ला खडकी हे शहर त्यानं वसवलं, म्हणजे आपलं हे शहर. १६२६ ला मेला, कबर खुलताबादला. शहराला पुढं फतेहनगर नाव पडलं, मग औरंगाबाद, २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. वसवणाऱ्याचं नाव एकदाही नाही. ते राहिलं एका तटाला अन् पाण्याच्या नहरीला, नहर-ए-अंबरीला. गुलामाच्या वाट्याला भिंत आणि पाणी. हेही काही कमी नाही म्हणा.

वेरूळला दहावं लेणं बौद्धांचं. सरकारी नाव विश्वकर्मा, पण लोक त्याला सुताराची झोपडी म्हणतात, कारण छताला लाकडी फासळ्यांसारखं दगडाचं काम आहे. लोकांना बरोबर कळतं काम कुणाचं ते. पुढं कैलास बघायला रांग होती. आम्ही गेलो नाही.

घाट वाटाड्याशिवाय होत नाही. खंडाळ्याच्या बोरघाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे. सांगतात की इंग्रज इंजिनेराला डोंगरातून वाट सापडेना, शिंग्रोबा धनगरानं मेंढरांची वाट दाखवली अन् बक्षीस म्हणून गोळी खाल्ली. आता ट्रकवाले त्याच्यापुढं नाणं टाकून जातात. केरळात वायनाडच्या घाटात हीच गोष्ट. तिथं करिंथंडन नावाचा पणिया आदिवासी. त्यानं वाट दाखवली, साहेबानं त्याला मारलं, अन् त्याचा आत्मा घाटात फिरतो म्हणून लक्किडीला एका झाडाला साखळीनं बांधून ठेवलाय. दोन मुलूख, दोन भाषा, एकमेकांना कधी न भेटलेली माणसं. गोष्ट एकच कशी? या दंतकथा आहेत, कोर्टात टिकणार नाहीत, मला ठाऊक आहे. पण ज्यांच्या हातात कागद नव्हता त्यांनी आपली फिर्याद अशीच लिहून ठेवली.

कागदावर टिकणारं हवं असेल तर खाज्या नाईक घ्या. सेंधव्याच्या घाटात, मुंबई-आग्रा रस्त्यावर, तो इंग्रजांच्या चाकरीत रखवालदार होता. घाट त्यानं राखला म्हणून साहेबाची टपाल अन् खजिना सुखरूप जायचा. पुढं शिक्षा झाली, चाकरी गेली. १८५७ ला तोच भिल्लांचा म्होरक्या होऊन उठला. ११ एप्रिल १८५८ ला अंबापाणीला लढाई झाली. भिल्ल मेले, धरले गेले, बायकासुद्धा धरून नेल्या. १८६० ला खाज्या मारला गेला.

आणि आपण? महार हा गावाचा वाटाड्याच होता. वेस राखायची, सांगावा पोचवायचा, सरकारी पाहुणा आला की त्याचं ओझं डोक्यावर घेऊन पुढल्या शिवेपर्यंत त्याच्यापुढं धावायचं. रात्र असो, पाऊस असो. त्याला वतन म्हणायचे! बाबासाहेबांनी १९२८ ला मुंबईच्या कौन्सिलात त्याविरुद्ध बिल आणलं. कायद्यानं ते तिकडं १९५८ ला संपलं. ज्याला सगळ्या वाटा ठाऊक होत्या, गावातल्या वाटेवरनं त्याला सरळ चालायची मुभा नव्हती. इंग्रजानं भिल्लाला पलटणीत घेतलं तसं महारालाही घेतलं होतं. कोरेगाव आपण विसरत नाही, विसरूही नये. पण १८९२ च्या सुमाराला काम झाल्यावर त्याच इंग्रजानं महारांना भरतीची दारं लावली, हेही लक्षात ठेवा. गोपाळबाबा वलंगकरांना अर्ज लिहावा लागला तो त्याचसाठी.

बोरघाटाची रेल्वे १८५६ ते १८६३ मध्ये झाली. पंचवीस बोगदे. १८६१ ला तिथं बेचाळीस हजारांवर माणूस राबत होता. दोराला लटकून कड्यात भोकं पाडायची. कॉलऱ्यानं, सुरुंगानं, पडून हजारांनी मेले. ठेकेदार ट्रेडवेल येऊन थोड्याच दिवसांत मेला, मग त्याच्या बायकोनं ठेका पुरा केला, तिचं कौतुक पुस्तकात आहे. ते असू द्या. पण बेचाळीस हजारांतलं एक नाव मला हवंय. एकच. ते मिळत नाही.

घरी आल्यावर आजीला सांगितलं, कन्नडचा घाट बघून आलो. आजी कन्नड तालुक्यातलीच, डोंगरकडेच्या गावची. म्हणाली, "आरं लेकरा, त्यात काय बघायचं? त्या डोंगराच्या सडकंला म्या खडी फोडलीय."

बहात्तरचा दुष्काळ. तेव्हा ती वीस वर्षांची, पोटाशी माझा मोठा काका. विहिरी आटल्या, जनावरं गेली, गाव रिकामं झालं. सरकारनं दुष्काळी कामं काढली – रस्ते, पाझर तलाव, नालाबांध. त्यातूनच पुढं रोजगार हमीचा कायदा झाला, १९७९ ला अमलात आला. आज सगळा देश ज्याच्या गप्पा मारतो तो कामाचा हक्क आपल्या आज्यांच्या डोक्यावरच्या पाटीतून आलाय. खायला लाल मिलो आणि सुकडी. आजी सांगते, "मिलो पोटात जायचा अन् दगूड हून बसायचा. दिसभर दगूड फोडायचा अन् रातच्याला दगूड खायचा." पाण्याच्या माठाजवळ तिथंही निराळी रांग. दुष्काळानं सगळ्यांना एकाच कामावर आणलं, एका माठावर आणलं नाही.

एक दिवस हातोडा निसटला अन् डाव्या हाताचं बोट चेचलं. मुकडदमानं चिंधी बांधायला दिली अन् अर्ध्या दिवसाची हजेरी कापली. ते बोट अजून वाकडं आहे. मी विचारलं, हजेरीपटावर तुझं नाव होतं का गं? म्हणाली, "मला काय वाचाया येतंय? म्या आंगठा हाणायची. त्यानं काय लिवलं त्याला ठावं."

मी म्हणालो, तिथं डोंगर किती छान दिसतो, लोक फोटो काढायला येतात. ती हसली. "तवा बी तसाच असंल. मान वर करून बघाया सवड कुटं व्हती?"

घाट आता थकलाय. हा रस्ता सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्गाचा. आधी दोनशे अकरा नंबर होता, मग बावन्न झाला. ऑगस्ट २०२१ च्या शेवटी रात्रभर पाऊस झाला, दरडी कोसळल्या, ट्रक अडकले, खाली चाळीसगावात नदी घुसली. चिखल-दगड उपसायला कोण होतं? फोटोत मंत्री दिसले, पिवळं मशीन दिसलं. मशीनखाली फावडं घेऊन वाकलेली पाठ दिसली, तोंड दिसलं नाही. २०२३ च्या ऑगस्टात हायकोर्टाच्या खंडपीठाच्या आदेशानं जड वाहनांना घाट बंद झाला. ट्रक लांबच्या वाटेनं गेले आणि घाटातल्या चहाच्या टपऱ्या, पंक्चरवाले, कणसं भाजणाऱ्या बाया यांचं गिऱ्हाईक त्या ट्रकांबरोबर गेलं.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते.

परत येताना आम्ही पितळखोऱ्याला गेलो. कन्नडपासून वीसेक किलोमीटर, ह्याच सातमाळ्यात, दरीत उतरून जायचं. फार कुणी जात नाही. वेरूळच्या कितीतरी आधीची ही लेणी, इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या आसपासची, थेरवादी. दगड ठिसूळ, बरंच कोसळलंय. खांबांवर ब्राह्मी अक्षरं आहेत. पैठणच्या एका गंध्याच्या घरच्या मितदेवानं हा खांब दिला. पैठणच्या संघकाच्या मुलांनी हा दिला. राजवैद्य मगिलाच्याही दानाचा लेख आहे. देणारे पैसेवाले होते, ठीक आहे. पण त्यात अत्तरवाला आहे, वैद्याची मुलगी आहे. भिक्खूंच्या घरात दात्याला जात विचारली नाही, नाव विचारलं.

१९५० च्या दशकात पुरातत्त्व खात्यानं इथला राडारोडा उपसला. म. न. देशपांडे यांनी त्याचा अहवाल १९५९ ला छापला. त्या उपसण्यात दगडाचा एक यक्ष निघाला. बुटका, ढेरपोट्या, डोक्यावर परडीसारखं भांडं धरलेला, अन् तोंडभर हसणारा. ओझं डोक्यावर आहे आणि हसतोय. आता तो दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर ब्राह्मीत एक ओळ कोरलीय. तिचा अर्थ: कान्हदास सोनारानं केलं.

राजाचं नाव नाही, दात्याचं नाही. करणाऱ्याचं. बावीसशे वर्षांपूर्वी एका कारागिरानं मूर्ती पुरी केली अन् तिच्याच हातावर आपलं नाव घातलं, आणि संघानं ते पुसलं नाही. बोरघाटात बेचाळीस हजारांतलं एक नाव मिळालं नाही, औट्रम घाटात एक मिळालं नाही, माझ्या आजीचं तिच्याच हजेरीपटावर होतं की नाही कळलं नाही. इथं मिळालं. तेही अशा लेण्यात, जिथं आम्ही मोटारसायकल लावून शिव्या देत पायऱ्या उतरलो होतो.

दोस्ताला सांगितलं तेव्हा त्यानं मोबाइल काढला नाही. म्हणाला, वहीत लिहून घे.

घरी जाऊन आजीला ती ओळ वाचून दाखवली. तिला दगडाच्या माणसाच्या हातावर नाव याचं काही नवल वाटलं नाही. तिनं पदर सारून आपला उजवा हात पुढं केला. मनगटाच्या वर हिरवं गोंदण आहे, लहानपणी जत्रेत गोंदवलेलं. चार अक्षरं. मी लहानपणापासून बघतोय, पण वाचलं कधी नव्हतं. म्हणाली, "हे बघ, माजं बी हाये. वाच की काय लिवलंय ते, का गोंदणाऱ्यानं फशिवलं मला."

वाचलं. तिचंच नाव होतं.